म्हातारीच्या दातांचं लिही

जळगाव, दि. ८ मार्च १९९२

चि. गुलाब हिस आधार नानाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचे गुडघे आता कसे आहेत? एरंडाची पानं तापवून बांधत असतील तर बांधू दे, फरक पडो न पडो, शेक तरी मिळतो. वडिलांचा दमा या थंडीत फार उसळला नाही ना? तुझा भाऊ वना अजून रोजंदारीवरच आहे की साहेबांनी त्याला कायम केलं? त्याच्या धाकटीला गोवर निघाला होता असं कानावर आलं, ती पोर खेळायला लागली का? तुझ्या घरची ती काळी शेळी व्यायली का? बघ, शेळीपर्यंत आलो पण तुझं विचारलं नाही. तुझं विचारायला घेतलं की पेन अडतं. तू जेवतेस ना नीट?

इकडे मी बरा आहे. डोळ्यांचं कोणी काही सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. सुईत दोरा आक्काबाई ओवून देते एवढंच. तिला, तुझ्या सासूला, रक्तदाब आहे तो आहेच. बोलते कमी. संक्रांतीला बायकांसमोर जे बोलली त्यानंतर तर फारच कमी. "माझ्या पोराला उंदरांच्या गवतासाठी सांजचं धाडलं हिनं, म्हणून ट्रकखाली गेला," असं तिनं म्हणायला नको होतं. बन्सीलाल रोजच गवताला जायचा, तू सांगितलंस तरी आणि नाही सांगितलंस तरी. हे तिलाही ठाऊक आहे. पण पोटचा पोर गेलेल्या बाईला कोणाच्या तरी नावानं बोटं मोडल्याशिवाय झोप येत नाही. वना तुला त्याच दिवशी घेऊन गेला, त्याचंही मी काही चुकलं म्हणत नाही.

आता तुझ्या लेकरांचं, सासू उंदीर म्हणते त्या चार गिनीपिगांचं सांगतो.

कंदील मजेत आहे. दोन्ही डोळ्यांनी आंधळी, पण कोथिंबिरीची जुडी मी दारातून आत आणली की सगळ्यांच्या आधी तीच कुईकुई करते. फटफटीचे मागचे पाय तसेच ओढत चालतात. तिचं बूड रोज कोमट पाण्यानं पुसून कोरडं करतो, तू करायचीस तसं. बाळ्याची मान अजून डावीकडेच. गोल गोल फिरून दमली की माझ्या पायावर येऊन बसते. बाळ्या नाव ठेवून वर मादी, हे बन्सीलालचंच काम.

राहिली म्हातारी. तिचं चांगलं नाही. तिचे पुढचे दात वाढलेत. खालचे दोन वर आले आणि वरचे आत वळले. पेरूची फोड ठेवली तर तोंड लावते आणि मागे सरते. हे दात तू कापायचीस, बन्सीलाल धरायचा. आम्ही बाकीचे दारात उभे राहून बघायचो, पण काय बघितलं ते आता आठवत नाही. नेलकटर फळीवर तसंच आहे. मी ते हातात घेतो आणि परत ठेवतो.

मागच्या दोन्ही पत्रांना तुझं उत्तर नाही. टपालात गहाळ झालं असेल. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला ये. आखाजीला लेक माहेरी येते हे मलाही कळतं, आणि तुझं माहेर साक्री, तू तिथेच आहेस. पण हे घरही आता माहेर समज. सून म्हणून नको येऊ, लेक म्हणून ये. दोन दिवस राहा, म्हातारीचे दात काप, मला शिकव आणि जा. अडवणार नाही.

उत्तर लवकर पाठव.

तुझा,
आधार नाना

जळगाव, दि. ६ एप्रिल १९९२

चि. गुलाब हिस अनेक आशीर्वाद.

घरच्यांची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो, कारण कोणी कळवत नाही.

पाडव्याच्या दोन दिवस आधी म्हातारीला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत माझ्या पुढे एक म्हैस, मागे दोन बैल. बैलवाल्यानं टोपलीत डोकावून विचारलं, "बाबा, हे काय जनावर?" म्हटलं, "विलायती." तो म्हणाला, "विलायती म्हणजे दूध किती देतं?" सगळे हसले, मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, म्हणून तुला सांगितलं.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "नाना, हे जनावर मी कॉलेजात असताना सुई टोचायला वापरलंय, वाचवायला पहिल्यांदाच बघतोय." मी त्यांना सांगितलं की आमचा मुलगा कॉलेजच्या प्राणीघरात कामाला होता. प्राणीघर बंद करायचं ठरलं तेव्हा उरलेली ही अधू जनावरं संपवून टाकायला सांगितली होती. त्यानं ती सायकलच्या टोपलीत घालून घरी आणली. डॉक्टरांनी म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी कुत्र्याची नखं कापायची कातर स्पिरिटनं पुसली, कंपाउंडरला धरायला लावलं आणि दात कापले. अर्धेच. वरचा एक चिरला, रक्त आलं. म्हणाले, "माझ्या हातून पुढचं होणार नाही. दात चिरत वर गेला तर जबडाच जाईल. जी बाई कापत होती तिलाच बोलवा." मी म्हटलं, "बोलावलंय."

अर्धे का होईना कापले म्हणून म्हातारी आता कोथिंबिरीचं पान ओढते. ज्वारीची पातळ पेज करून ड्रॉपरनं पाजतो. औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर, उकळून घेतलाय, काळजी करू नकोस. पेरूचा हंगाम संपला म्हणून आवळ्याचा कीस कालवतो. हिरवं-आंबट पोटात गेलं नाही तर यांचे सांधे धरतात, असं बन्सीलाल सांगायचा.

आणि आता आनंदाचं. आपल्या गल्लीतला तोताराम कापडवाला साक्रीच्या बाजाराला जातो, तुला माहीत आहे. परवा ओट्यावर बसला होता. मी विचारलं, "आमची गुलाब दिसली का रे बाजारात?" तो टोपी सारखी करत म्हणाला, "दिसली ना. म्हणे, नानांना सांगा, आखाजीला येते."

मी त्याला दोनदा विचारलं. दोनदा तेच म्हणाला. मग चहा पाजला.

आक्काबाईला सांगितलं. ती आपल्या गावच्या बोलीत म्हणाली, "ती काबर येई? तिले काय गरज शे?" ती कशाला येईल, म्हणते. संध्याकाळी बघतो तर गच्चीवर शेवया वाळत घातलेल्या. एवढ्या शेवया आम्ही दोघं म्हातारे कधी खाणार, तूच सांग.

कोणत्या गाडीनं येतेस ते कळव. म्हणजे मी स्टँडवर येईन.

तुझा,
आधार नाना

जळगाव, दि. २७ एप्रिल १९९२

चि. गुलाब,

ऊन असं पडलंय की दुपारी गल्लीत कुत्रं दिसत नाही. मी उन्हात पडलो असं कोणी सांगितलं तर खोटं आहे. बसलो होतो, उठता उठता तोल गेला, गल्लीतल्या मुख्तारनं धरलं, संपलं. तो उगाच गावभर सांगत सुटलाय.

माणसाचं भागतं. या केसाळ जिवांचं भागत नाही. घरात पत्रे तापतात. गोणपाट ओलं करून पेटीवर टाकलं, फरशीवर पाणी मारलं, तरी कंदील आडवी पडून धापा टाकायला लागली. फटफटीला ओल सोसत नाही, तिची कातडी लाल होते. एकीला गारवा हवा, दुसरीला कोरडं हवं, मी मध्ये.

शेवटी रतिलालशेठकडे गेलो. त्यांची मागच्या गल्लीतली केळीची वखार तुला आठवते ना, हातभर जाड मातीच्या भिंतींची? आजकाल त्यांचा सगळा माल हिरवाच गाडीत चढून दिल्लीकडे जातो, गावात पिकवायला ठेवत नाहीत, म्हणून वखार रिकामीच असते. आत गेलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. शेठ म्हणाले, "न्या ना नाना, कोपरा तुमचा. पण उंदीर सोडू नका हां आत, आहेत ते पुरेत." मी म्हटलं, "ही उंदरांची मावशी आहे, उंदीर पळून जातील." खूप हसले. हमालालाही सांगून ठेवतो म्हणाले.

आता चौघींचा मुक्काम तिथे. शिडीच्या मागे कोपऱ्यात पेटी लावली, वर ओलं गोणपाट, पेटी आणि गोणपाट यांच्यात जाळी, म्हणजे फटफटीला ओल लागत नाही. सकाळ-संध्याकाळ गवत नेतो. कंदीलची धाप थांबली. बाळ्यानं तर पहिल्या दिवशी उडी मारली. वाकड्या मानेची उडी, पण उडीच.

फक्त म्हातारीला रोज दुपारी घरी आणून पाजावं लागतं. वखारीत अंधार, ड्रॉपर दिसत नाही. हे काम आता कोण करतं, ओळख. तुझी सासू. मी झोपलोय असं समजून वखारीतून टोपली आणते, मांडीवर पदर अंथरते आणि पाजते. मी डोळे मिटून ऐकतो. म्हणते, "पी वं माय, तुनी मालकीन ई राहिनी." तुझी मालकीण येतेय म्हणते, गुलाब. तुझं नाव घेत नाही, पण मालकीण म्हणते.

दात परत वाढलेत. डॉक्टरांची बदली चोपड्याला झाली, नवे अजून आले नाहीत. तू येतेस म्हणून मी शांत आहे. तू नसतीस येत तर मी काय केलं असतं, त्याचा विचार करत नाही.

तुझा,
आधार नाना

(पोस्टकार्ड) जळगाव, २ मे

चि. गुलाब, अ. आ. मंगळवारी आखाजी. तुझी गाडी कळली नाही, म्हणून सोमवारी सकाळपासून मीच स्टँडवर उभा राहतो. धुळ्याकडच्या गाड्या लागतात त्या बाजूला, रसवंतीपाशी. पांढरी टोपी. चुकामूक झाली तर रिक्षा करू नकोस, तिथेच थांब. लिंबाला झोका बांधलाय. झोक्याचं वय नाही म्हणशील, पण बांधलाय.

नाना

जळगाव, दि. ९ मे १९९२

चि. सौ. गुलाब हिस आधार नानाचे अनेक आशीर्वाद.

सौ. लिहिताना पेन थांबलं. मग लिहिलं. बरोबर लिहिलंय ना?

तुझी प्रकृती कशी आहे? नव्या घरी सासू-सासरे असतील तर त्यांना माझा नमस्कार. तुझ्या मालकांचं नाव मला माहीत नाही, त्यांना आशीर्वाद. धुळ्याला पाण्याची टंचाई असते, माठ दोन ठेवत जा. तुझ्या आईचे गुडघे, वडिलांचा दमा, वनाची नोकरी, सगळं ठीक असो. इकडे आक्काबाई बरी आहे. मी बरा आहे. ऊन जरा कमी झालं.

गुलाब, ऊन कमी झालेलं नाही. काय लिहितोय मी.

सोमवारी स्टँडवर गेलो. धुळ्याहून गाडी आली की पुढे व्हायचो, सगळे उतरले की मागे यायचो. लेकी उतरत होत्या. कडेवर पोर, हातात पिशवी, बाप-भाऊ घ्यायला आलेले. रसवंतीवाला म्हणाला, "बाबा, सावलीत बसा, पोरगी येईल तशी दिसेल." मी म्हटलं, "दिसेल, पण मी दिसलो नाही तर?" दुपार कलली तेव्हा तोताराम गाठोडं घेऊन साक्रीच्या गाडीतून उतरला. मला बघून परत गाडीत चढायला निघाला. मी हाक मारली.

म्हणाला, "नाना, मला जोड्यानं मारा."

"का रे?"

"ती मला बाजारात भेटलीच नव्हती. तुम्ही असं तोंड करून विचारलंत, मला नाही म्हणता आलं नाही. वाटलं, आखाजी लांब आहे, तोवर तुम्ही विसराल."

"मी विसरेन?"

तो गाठोड्यावर बसला. मग म्हणाला, "आज वना भेटला. पोरीचा पाट लावला, दुसरं लग्न करून दिलं म्हणे. एप्रिलमध्येच, धुळ्याला. माणूस बरा आहे, त्याचीही बायको वारलेली. घरच्या घरी केलं, कोणाला सांगितलं नाही."

 मी त्याला रस पाजला. म्हणालो, चांगलं झालं. हे तुलाही लिहितो, गुलाब: चांगलं झालं. तुझं वय काय आहे? आमच्या दारात बसून पांढरं कपाळ घेऊन तू आयुष्य काढावंस असं मला कधी वाटलं नाही. हे मनापासून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलंय, ते डोळ्यांमुळे.

स्टँडवरून चालत वखारीकडे गेलो. गवत घालायची वेळ झाली होती. गल्लीच्या तोंडाशीच धुराचा वास आला. केळी पिकवायला मडक्यात गोवऱ्या आणि भुसा पेटवून आत ठेवतात आणि दार बंद करून फटी मातीनं लिंपतात, तसं दार लिंपलेलं. ओली माती. नथ्थू हमाल बाहेर हात धूत होता.

मी म्हटलं, "नथ्थू, आत माझी पेटी आहे."

तो म्हणाला, "कोणती पेटी? नाना, गोणपाटाचा ढीग आहे नुसता. शेठ लग्नाला गेलेत, जाताना बोलले आखाजीचा माल पिकायला लाव, मी सकाळीच…"

सकाळीच. मी स्टँडवर उभा होतो तेव्हाच.

लाथ मारून त्यानंच दार तोडलं. बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शेठ घाईत विसरले असतील. ओल्या गोणपाटानं झाकलेली पेटी, ती गोणपाटाच्या ढिगासारखीच दिसणार. मी रोज ते ओलं गोणपाट इतकं नीट बसवायचो. चारी कोपरे खोचायचो, हवा तापू नये म्हणून.

कंदील, बाळ्या, फटफटी, तिघी एकमेकींना चिकटून होत्या. फटफटी मधे. तिला चालता येत नव्हतं तर त्या दोघी तिच्याकडे आल्या असतील. नथ्थू खाली बसून रडला. म्हणत होता, "नाना, आवाज पण नाही आला हो." आवाज कसा येणार, दार एवढं जाड.

म्हातारी वाचली. तिला दुपारी घरी आणायचं असतं, पण त्या दिवशी तू येणार म्हणून आक्काबाईला पुरण घालायचं होतं, म्हणून तिनं मी गेल्या गेल्या, नथ्थू यायच्या आधीच तिला आणून ठेवलं होतं. तोंडानं खाता येत नाही म्हणून वाचली. असं नशीब कोणाला हवं?

घरी आलो तर आक्काबाई दारात. माझ्या मागे बघितलं, तू नाहीस. माझ्या हातातली टोपली बघितली. म्हणाली, "बठ्ठा ग्यात?" सगळ्या गेल्या का, म्हणून. मी मान हलवली. मला वाटलं होतं ती कोरड्या डोळ्यांनी राहील. राहिली नाही. म्हणाली, "मना बन्सीनं काहीच नही राहिनं आते." बन्सीचं आता काहीच राहिलं नाही, म्हणून बसली, पुरणाचा हात तसाच. मी तिला तुझं धुळ्याचं सांगितलं. ती उठली, हात धुतले आणि म्हातारीला मांडीवर घेतलं.

तिघींना लिंबाखाली पुरलं. झोका सोडून ठेवला.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. म्हातारीचे खालचे दात आता वरच्या टाळूला लागलेत. पेज घातली तर बाजूनं ओघळते. नवे डॉक्टर अजून आलेले नाहीत. चोपड्याला न्यायचं तर या उन्हात एसटीत ती टिकणार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही टिकणार नाही.

तू ये असं मी लिहीत नाही. नव्या घरातून जुन्या सासरी कोण कशाला पाठवील, आणि तूही का यावंस? तुला यायला लागू नये म्हणूनच लिहितोय. फक्त एवढं कळव: दात कुठून धरायचा, किती कापायचा, आधी खालचा की आधी वरचा, नेलकटर आडवं की उभं. जीभ कशी बाजूला ठेवायचीस? तू तोंडात काहीतरी घालायचीस, चमचा की काडी, ते मला आठवत नाही. माझा हात थरथरतो म्हणून मी धरणार. कापणार आक्काबाई. काल स्वतःच म्हणाली, "तिले लिखा. मी कापसू."

तुझा धुळ्याचा पत्ता माझ्याकडे नाही. तोतारामकडे नाही. म्हणून हे पत्र साक्रीला, तुझ्या आईच्या नावे पाकिटात घालून पाठवतोय. ताई, हे तुमच्या हाती पडलं तर रागावू नका, पुढे गुलाबकडे पाठवा. यात तुमच्या लेकीच्या संसाराला लागेल असं काही नाही. एका मुक्या जनावराच्या दातांचं आहे.

गुलाब, ती अजून मान वर करते. काल मी कोथिंबिरीची जुडी नुसती दाखवली तर कुईकुई केली, खाता येत नाही तरी. किती दिवस करील सांगता येत नाही.

आमच्याबद्दल काही लिहिलं नाहीस तरी चालेल. बन्सीचं नाव काढू नकोस, नव्या घरी बरं दिसणार नाही. नुसतं दातांचं लिही. चित्र काढता आलं तर काढ. आणि जमेल तेवढं लवकर लिही, मिळेल त्या टपालानं.

तुझा,
आधार नाना